खोडाळ्याच्या पाण्यावर दोन श्वास

ठण्ण-खर्र, ठण्ण-खर्र. जव्हारच्या आमच्या शाळेच्या छपराचा एक पत्रा सुटलेला होता आणि पश्चिमेचा वारा आला की तो असा वाजायचा. खाली वर्गभर बाकीची पोरं वाऱ्याची कविता ठेक्यात म्हणत असत आणि मी खिडकीबाहेर बघत मनात म्हणत असे, एकदा तरी या वाऱ्याने आपल्याला उचलावं. साठ वर्षं वाऱ्याने मनावर घेतलं नाही. शेवटी या मे महिन्यात मीच घेतलं.

झालं असं की मोबाइलवर एक चित्रफीत दिसली. एक माणूस समुद्रावर, पाण्याच्या वर हातभर, तरंगत चालला होता. शीड नाही, इंजिन नाही. हातात एक वल्हं, तेही बहुतेक वेळ नुसतंच धरलेलं. याला डाऊनविंड फॉइलिंग म्हणतात. एक आखूड फळी, तिच्या पोटाखाली एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेले पंख. वारा पाठीशी घ्यायचा, वल्हं मारून वेग आणायचा, वाऱ्याच्याच दिशेने धावणारी लाट गाठायची, की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात.

ठाण्याला माझी लेक अश्विनी असते. खोडाळ्याच्या धरणावर हे शिकायला जातोय, असं तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, तुमचं बाथरूममध्ये पडायचं वय आहे, धरणात नाही."

बायको गेल्यापासून मी जव्हारच्या घरात एकटा राहतो आणि अश्विनी मला ठाण्याला न्यायच्या मागे आहे. माझ्या घरात सकाळी कुणी रेडिओ बंद करा म्हणत नाही, हे मला सोडवत नाही. बोलता बोलता करार झाला. त्या फळीवर उभा राहिलो तर दिवाळीपर्यंत विषय बंद. कुणी पाण्यातून उचलून आणलं तर सामान बांधायचं. मी हो म्हणालो. उत्साहाच्या भरात मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो.

जव्हारहून मोखाड्याला एसटी मिळते; रस्ता वळणांचा आहे, पोट नाजूक असेल तर पुढे बसा. मी नेमका मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी निघालो. त्यामुळे पुढे खोडाळ्याला जाणारी जीप भरायला वेळ लागला नाही, भरून झाल्यावर थांबायला मात्र लागला. मांडीवर माझं हेल्मेट आणि लाइफ जॅकेट. शेजारी करवंदांची पाटी घेतलेली एक म्हातारी. तिने हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बांधकामावर चाललास का, बाबा?"

"नाही आजी. पाण्यावर उभं राहायला."

ती विचारात पडली. मग पलीकडच्या बाईला म्हणाली, "याला पोरं नाय वाटतं बघायला," आणि माझ्या ओंजळीत करवंदं ओतली. ती माझ्याहून लहानच असावी, पण आजी म्हणायचा मान मी आधीच देऊन बसलो होतो.

खोडाळ्याच्या पुढे डोंगरांच्या मध्ये धरणाचं लांबट पाणी आहे. दुपारनंतर वारा त्याच्या एका टोकातून शिरतो तो थेट दुसऱ्या टोकाला जातो, म्हणून ही जागा. पाण्यात उतरायची परवानगी आधी विचारून घ्या. आमची ती सोय रेवतीने केली होती. रेवती नाशिकची. वाऱ्याच्या दिवसांत ती गाडीवर फळ्या बांधून इथे येते आणि शिकवते. फळी विकत घ्यायच्या फंदात पडू नका, जुनी मोटारसायकल स्वस्त पडेल. भाड्याने घ्या. राहायला गावात एक खोली मिळाली. जेवण नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुकटीची चटणी. मी चटणी तीनदा मागितली.

पहिला दिवस साध्या रुंद फळीवर, काठाजवळ. आधी गुडघ्यांवर बसायचं, मग उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी पंखांची फळी. रेवतीचे नियम सांगतो, कारण ते उपयोगाचे आहेत. एकटं जायचं नाही. फळीची दोरी कमरेला हवीच. पडताना फळीपासून दूर, आडवं पडायचं. खाली पंख धारदार असतात. आणि वारा नेईल तिकडेच निघता, परत येता येत नाही, म्हणून पलीकडच्या काठावर गाडी आधी उभी करायची. रेवतीची गाडी तिकडे होती. मागून लहानूची होडी होती. लहानू इथला, मासे धरणारा, वयाने माझ्या जवळपासचा.

मी ठरवलं होतं की वल्हं भुजंगप्रयात वृत्तात मारायचं. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू. वजन किती सुंदर! तिसऱ्या गणाला मी पाण्यात. लाटांना वृत्त माहीत नव्हतं.

"काका, पाण्याशी काय पुटपुटताय?" रेवती ओरडली. "पुढे बघा! छोटे छोटे फटके, भराभर!"

पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. लहानू शांतपणे विडी ओढत होता.

"बाबा, तू पोहायला आलास का उभा राहायला?"

"उभा राहायला."

"मग राहा की."

पडून पडून डोक्यातल्या सगळ्या कविता धुऊन निघाल्या. श्वासच उरला नव्हता, तर ठेका कुठून आणणार! मी नुसतं भराभर वल्हवलं. मागून एक लाट आली, फळीचं शेपूट उचललं गेलं आणि एकदम आवाज थांबला. फळीवर आपटणारं पाणी गप्प झालं. खाली बघितलं तर पाणी खाली होतं. मी वर होतो. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. मग खाली बघू नका असं रेवतीने का सांगितलं होतं ते कळलं.

त्यानंतर मला फळीवर चढताच येईना. लहानूने होडी आणली, लाइफ जॅकेटला मागून धरलं आणि मला मासळीसारखं आत ओढलं.

"उभा राहिलास," तो म्हणाला. "मी बघितलं."

"पण तू मला उचललंस."

"मग काय, ठेवू परत?"

जव्हारला आल्यावर अश्विनीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती "रविवारी येते, मग बोलू," म्हणाली. मी शाळेच्या वेळची कवितांची पुस्तकं एका खोक्यात भरली आणि पुन्हा काढून ठेवली. खांदे दुखत होते, गुडघा हिरवानिळा झाला होता. पण या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर तो थांबलेला आवाज. अजून कधी चहा गाळताना मधेच गप्प उभा राहतो, तो ऐकू येतो का बघायला.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. मला वाटलं, लेक एक दिवस आधीच आली. उघडतो तर अश्विनीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, हातात पिशवी, घामाघूम.

"तुम्ही? एकट्या?"

"एसटीने आले. मागची सीट. कंबर राहिलेली नाही. भाऊ, आधी पाणी द्या."

पाणी पिऊन त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"अश्विनी तुमच्यासाठी खोली रंगवून घ्यायची म्हणतेय."

"कुठली खोली?"

"माझी. मला हॉलमधला दिवाण. टीव्हीसमोर." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "किती वेळ उभे होतात त्या फळीवर?"

"दोन श्वास."

"पाच सांगा. कोणी मोजलेत? आणि त्या होडीवाल्याने उचललं ते फळीला. तुम्ही नुसते सोबत होतात. लावा फोन, मी बसलेय इथे."