फ्रीजमधल्या कुप्या

"काहून?" म्हणजे 'का?', हा मॅडमचा ठरलेला शब्द. सुट्टी दिली तरी काहून, नाकारली तरी काहून. असं विचारणारं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यावर कोण चिडतं, तेही तुम्ही पाहिलं असेल.

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत परिचर. मॅडम जवळच्याच डोंगरकडा गावच्या. तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत आणि पीएचडी करत. विद्यापीठात काम करून थर्मासात बर्फ घालून एसटीनं इवल्याशा कुप्या आणत.

"मामा, हे प्रथिन निसर्गात न्हाई, आमी बनवलंय. पान उजेड पकडतं ना, तसं हे पकडतं."

माझा विश्वास बसेना. त्यांनी दोन नळ्यांतल्या निळ्या पाण्यात चार-चार थेंब टाकले. एक नळी दिव्यापुढं धरली, दुसरी काळ्या कागदात गुंडाळली. दिव्यापुढचा निळा रंग हळूहळू उतरला, पाणी नितळ झालं. कागदातली नळी निळीच राहिली.

"बघा, उजेड कामाला लागला!" म्हणत त्यांनी मलाच पेढे आणायला पिटाळलं.

एप्रिलमध्ये संस्थेचे सचिव यायचे होते. प्राचार्य म्हणाले, "लॅबचा फ्रीज रिकामा करा. थंड्याच्या बाटल्या ठेवा."

"सर, मॅडमच्या कुप्या आहेत त्यात. नासतील."

"सांगितलं तेवढं करा."

मी कुप्या खिडकीत ठेवल्या. मॅडम तास संपवून आल्या तोवर उन्हानं आत नासक्या दुधासारख्या गाठी झाल्या होत्या. आठ महिन्यांचं काम.

"काहून, मामा?"

"सरांनी सांगितलं."

"हात कोणाचे व्हते?"

त्या कुप्या घेऊन थेट केबिनमध्ये शिरल्या. सचिव हसले. "उजेडावर चालतं म्हणता, मग उन्हानं बिघडलं कसं?" प्राचार्यही हसले. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मॅडम लॅबमध्ये परतल्या. फ्रीज उघडला आणि एकेक बाटली त्याच खिडकीत, उन्हात मांडली. कुणाला हात लावू दिला नाही. पाहुणे तापलेला थंडा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या बेशिस्तीचा कागद तयार झाला. त्यात कुप्यांचं नावही नव्हतं. साक्षीदार म्हणून सही माझी मागितली. मी केली. जूनमध्ये मॅडमना तासिका मिळाल्या नाहीत.

पुस्तकं न्यायला आल्या तेव्हा डेपोपर्यंत मी पेटी उचलली.

"मॅडम, चुकलो."

"चुकला न्हाईत, मामा. तुमाला सगळं कळत व्हतं."

त्यांनी पेटी माझ्याकडून ओढून घेतली, बसमध्ये चढून मांडीवर ठेवली आणि समोर बघत बसल्या. बस डेपोतून बाहेर पडली, तरी एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही.