ऋचा संपेपर्यंत हलायचं नाही

काशीत कुणालाच घाई नसते असं म्हणतात, पण आमच्या मामांकडे पाहिलं की बाकीची सगळी काशी धावत सुटली आहे असं वाटे. रामघाटाच्या गल्लीतून पंचगंगेला जायला लोकांना दहा मिनिटं लागत, मामांना दुपार लागे. वाटेत कुठल्या तरी भिंतीवर ऊन आलेलं असे आणि ते उतरून खालच्या झरोक्यापर्यंत येईतो मामा तिथेच उभे राहत. गल्लीतल्या गाईसुद्धा त्यांना वळसा घालून जात. घराणं वैदिकांचं, आजोबांची घरातच पाठशाळा, तेव्हा यात्रेकरूंची धर्मकृत्यं मामांकडे आली आणि काही वर्षं त्यांनी ती नीट चालवलीही. पण एकदा एका श्रीमंत यजमानाला गोदान करायचं होतं आणि ऐन वेळी गाय मिळेना. त्या गृहस्थाने आपला विलायती कॅमेरा तिपाईसकट पुढे केला, त्यावर पाणी सोडलं, आणि मामांनी तो गाय म्हणून घरी आणला. आजोबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारून "दूध किती देते?" एवढंच विचारलं. मामी म्हणाली, "गाय असती तर निदान सारवायला शेण मिळालं असतं." मामांनी तिपाईच्या तिन्ही पायांना हळदकुंकू लावलं आणि त्या दिवसापासून त्यांचं भिक्षुकीतलं लक्ष उडालं ते उडालंच.

त्या कॅमेऱ्याला झडप नव्हती. भिंगावरचं पितळी टोपण काढायचं, पुरेसा उजेड आत जाऊ द्यायचा आणि टोपण परत लावायचं. हा वेळ मोजायला लोक घड्याळ वापरतात, मामा वेद वापरत. कडक उन्हात एक ऋचा, सावलीत तीन, ओवरीत अख्खं सूक्त. हिशेब तसा चुकीचा नव्हता, पण मामा पडले पाठशाळेतले. एकदा म्हणायला घेतलेलं मध्येच सोडणं त्यांच्या लेखी पाप होतं, आणि समोरचा माणूस हलला, शिंकला, उठून गेला तरी ते स्वरासकट शेवटपर्यंत म्हणत. एका गोऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी भर उन्हात गच्चीवर बसवलं आणि तंद्रीत भलतंच लांब सूक्त सुरू केलं. साहेब भला माणूस, आशीर्वाद चालला आहे असं समजून घाम गाळत बसला. फोटोत त्याच्या कोटाची बटणं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आली आणि वर चेहऱ्याच्या जागी मिशा असलेला ढग आला. साहेबाने तो नीट पाहून "हे गृहस्थ कोण?" असं अदबीने विचारलं.

घाटांचे फोटो काढताना तर याहून मौज होई. मामा सूक्त म्हणत राहिले की तेवढ्यात पायऱ्यांवरची चालती माणसं फोटोतून नाहीशीच होत. पंचगंगेला पर्वणीची गर्दी असली तरी मामांच्या फोटोत नुसत्या पायऱ्या, वर मशिदीची भिंत, आणि खाली गंगेच्या जागी दुलईसारखं पांढरं धुकं. कुणी विचारलं की मामा शांतपणे सांगत, "जे थांबले ते आले. बाकीचे गेले." एका नावाड्याला त्यांनी धारेत नाव स्थिर धरायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "गुरू, नाव त रोक लेब, गंगाजी के के रोकी?" गंगेला कोण अडवणार हा मुद्दा मामांना इतका पटला की ते विचार करत तिथेच बसले आणि तेवढ्यात ऊन गेलं. शिंदे घाटावरचं ते पाण्यात कललेलं देऊळ त्यांना तसं दाखववेना, म्हणून त्यांनी कॅमेराच तिरका केला. देऊळ सरळ आलं, बाकी सगळा घाट, छत्र्या आणि पुजाऱ्यांसह, घसरायला टेकलेला दिसत होता. फोटो ज्यांवर उमटत त्या काचा धुवायच्या त्या सोवळं नेसून आणि गंगेच्याच पाण्याने, असाही त्यांचा नेम होता. पावसाळ्यात त्या पाण्यातली रेती काचेला चिकटे आणि भर दुपारच्या फोटोत चांदण्या उगवत. मला ते फोटो फार आवडत. आपण झोपेत जी काशी पाहतो ती हीच असावी असं मला लहानपणी खरंच वाटे.

मी बारा वर्षांची असताना आई आजारी पडली. छातीचं दुखणं होतं, त्याचं नाव घरात कुणी मोठ्याने घेत नसे. ती माहेरी, मामांकडेच येऊन राहिली होती. तिचा एकही फोटो नव्हता. स्वतःच्या बहिणीचा फोटो काय, कधीही काढता येईल, असं मामांनी वर्षानुवर्षं म्हटलं होतं. तेव्हा विलायतेत लढाई चालू होती, काचा यायच्या बंद झाल्या होत्या, आणि मामांकडे एकच उरली होती. कार्तिकात पंचगंगेला बांबूंवर आकाशदिवे चढतात, त्यांच्यासाठी ती त्यांनी वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती काच घेऊन एका दुपारी ते गच्चीवर आले आणि मला म्हणाले, "बेटा, आईला वर घेऊन ये. ऊन छान उतरलं आहे."

आई भिंतीला टेकून बसली. मामांनी टोपण काढलं, म्हणाले, "बनू, पाच ऋचा. बिलकुल हलायचं नाही." आई म्हणाली, "तू सुरू कर, दादा." ती खोकली नाही, डोळ्यांची उघडझापसुद्धा तिने जपून केली. मी जिन्यात श्वास धरून उभी होते. मामांचा आवाज मध्ये एकदा थांबला, मग पुढे चालू झाला. फोटोत तिचे डोळे, कपाळावरचं कुंकू, पदराचा काठ, सगळं लख्ख आलं. फक्त ओठ पुसट झाले होते. मामी रडत म्हणाली, "आज तरी मध्येच थांबायचं होतं." मामा म्हणाले, "चूक माझीच." आई त्याच पौषात गेली.

पुढे लग्न होऊन मी नागपूरला गेले. बऱ्याच वर्षांनी काशीला आले तेव्हा मामांना मोतीबिंदू झाला होता. मी त्यांना सांगितलं की तो फोटो बिघडला असं मला कधीच वाटलं नाही, त्यात आई बोलते आहे असं वाटतं.

"बोलतच होती," ते म्हणाले. "मी अडलो होतो. तिसऱ्या ऋचेत. तिच्याकडे बघता बघता पुढचं काही आठवेचना. तिने ओठांनी सांगितलं. लहानपणी पण अशीच सांगायची, दाराआड तांदूळ निवडत बसून. तुझ्या आजोबांना वाटायचं, मुलगा हुशार आहे."

मुलींच्या कानावर वेद पडले तरी तोंडात येऊ नयेत असं ते घर. आईला सूक्तं येत होती हे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मला तर एक ऋचाही येत नाही. फोटो माझ्यापाशी आहे आणि मी तो पुष्कळदा पाहते, पण आई कोणता शब्द सांगते आहे ते मला ओळखता येत नाही. ते मामांना येत होतं, आणि मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.