फोटोखालची ओळ

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे असं तिला वाटतं. जवळपास खरंच आहे ते. माझ्या पित्तापासून लहरींपर्यंत सगळं तिला पाठ आहे. पण ही गोष्ट तिच्याही कानावर घातलेली नाही. इतकी वर्षं लिहितोय, आणि जे पहिल्यांदा लिहायला हवं होतं तेच — असो. आज तुमच्याशी बोलतो. आजच का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

आम्ही ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतचे कोळी. वडिलांची होडी, आईची मासळीची पाटी. मी शिकलो, एका कंपनीत कारकून झालो आणि वर्तकनगरला भाड्याची खोली घेऊन राहू लागलो. तिथे रात्री लिहायचो. काय लिहायचो? आईच. म्हणजे ती दुपारी अंगणात मासळी निवडत बसायची आणि जे बोलायची, ते. एकदा वडिलांची होडी गाळात रुतली, भरतीला अवकाश होता, वडील तापाने फणफणलेले — तर ही बाई कमरेएवढ्या चिखलात उतरली आणि पाणी चढेपर्यंत होडीला धरून उभी राहिली. हे ती सांगायची कसं? हसत. मध्येच एखादा बोंबील उचलून बाजूला टाकत. कुठे थांबायचं, कुठे नुसतं बघायचं, हे तिला कुणी शिकवलं? मी अजूनही वाक्य अडलं की मनातल्या मनात तिला विचारतो. तेवढं मोठं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.

मासिकांकडून गोष्टी परत येत राहिल्या. कित्येक वर्षं. एकदा पत्रात मी कोळी असल्याचं लिहिलं, तर एका संपादकांनी कळवलं, ‘आपल्या समाजाचं जीवन छान उतरलं आहे’ — आणि सोबत गोष्टही परत. मला त्या कौतुकाचा फार राग आला. तरी लिहीत राहिलो. चिकाटी म्हणाल तर ती होती, तीही आईकडूनच आलेली.

मग सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास डोंबिवलीतल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला घरी बोलावलं. निवृत्त मास्तर, अतिशय सज्जन. होडीची गोष्ट त्यांना आवडली होती. आमचं आडनाव पाटील. ठाणे जिल्ह्यात पाटील कुणीही असू शकतो, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. राहता कुठे, त्यांनी विचारलं. वर्तकनगरला, मी म्हटलं. खोटं नव्हतं ना? मग कोळीवाड्यातलं इतकं बारीक कसं कळलं तुम्हाला? मी चहाचा घोट घेतला. म्हणालो, जाऊन-येऊन अभ्यास केला.

त्यांचे डोळे काय चमकले! बाहेरचा माणूस इतकं आतलं लिहितो, असं ते आत हाक मारून बायकोला सांगू लागले. खरं सांगितलं असतं तर मी फक्त आपल्या घरची हकीकत सांगणारा ठरलो असतो. आता मी लेखक होतो. मला ते हवं होतं. किती हवं होतं, ते तुम्हाला पुढे कळेलच.

त्यांनी हट्टच धरला, गाव दाखवा, एखादा फोटोही घेऊ. मी टाळलं, टाळलं, आणि एका रविवारी दोघा नवरा-बायकोंना घेऊन गेलो. बेत असा की नुसती खाडी दाखवायची आणि परत फिरायचं. भर दुपार, वडील होडीवर, वाडीत सामसूम. चिखल आला तशी मी नकळत चप्पल हातात घेतली आणि पाय कुठे टेकतो हे न बघता पुढे गेलो. मागून मास्तर म्हणाले, “केवढा अभ्यास, पाटील!”

परतताना मास्तरांच्या पत्नींना ऊन लागलं. त्या बसल्या कुठे? खाडीवरून वर येताना पहिलं घर लागतं, त्याच्या ओट्यावर. आमच्या.

आई अंगणात होती. तिने वर पाहिलं. मला बघून तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही, अनेकदा बसलोय लिहायला. तिचं तोंड उघडलं — आणि मी मास्तरांच्या पाठीमागून मान हलवली. नाही, अशी. अगदी एवढीशी.

स्वतःला सांगताना मी ही मान नेहमी गाळत आलोय. तिनेच आपणहून ओळखलं, असं म्हणत आलोय. तिने आपणहून काही केलं नाही. मी सांगितलं आणि तिने ऐकलं.

आणि कसं ऐकलं! आमच्या घरातल्या प्रत्येक पेल्यावर नाव कोरलेलं. माझ्या नावाचा पेला तिच्या हाताशी होता. तो तिने मागे सारला आणि काचेच्या ग्लासातून मला पाणी दिलं, “घ्या सायेब” म्हणत. मास्तरांनी विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, “येक पोऱ्या हाय. शिकलेला. लांब ऱ्हातो.” आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तिथे, तिच्या हाताच्या अंतरावर, थक्क होऊन बघत होतो. लाज नंतर आली. आधी आलं ते कौतुकच — हेही सांगून टाकतो.

मास्तरांनी तिचा फोटो काढला. तो माझ्या गोष्टीबरोबर छापायचा ठरला आणि खालची ओळ मला लिहायला सांगितली. मी लिहिली: ‘कोळीवाड्यातील एक स्त्री.’ मीच लिहिली. कुणी हात धरला नव्हता.

दिवाळीत अंक घेऊन घरी गेलो. त्या रविवाराबद्दल ती एका शब्दाने बोलली नव्हती. अंक तिने मांडीवर घेतला, ओले हात लुगड्याला पुसून आपलाच फोटो बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

“खाली काय लिवलाय?”

मी म्हटलं, “माझी आई.”

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर हसेल. तिचा चेहरा उतरला.

“मंग त्या सायबांना कललं आसंल,” ती म्हणाली. “तुला काय बोलतील का रं?”

नाही बोलणार, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. तिने अंक मिटला, उठून पेटीत लुगड्यांच्या खाली सारला आणि झाकण लावलं.

“मी कोनाला दावनार नाय,” ती म्हणाली.

मी बरं म्हटलं.