कुलूपकाकूंनी फुली मारली

आमच्या छापखान्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतात. मी मशीनवर, आणि ती लेबलं कॉम्प्युटरवर जुळवणाऱ्या त्या कुलूपकाकू. नाव मीच ठेवलंय, आणि त्यांना ते ठाऊक आहे. बाईंना उघडं काही बघवतच नाही. गळका नळ, अर्धवट खिडकी, गोंदाची बाटली, माझं तोंड, दिसलं की बंद! डबा उघडून मी पाणी आणायला गेलो, तर येईपर्यंत झाकण लावलेलं, वर फडकं. "मी बंद केलं म्हणजे बंद." सव्वीस वर्षं ऐकतोय, कान किटले.

अशा बाईंचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात पार ढेपाळला. एक अक्षर दाबायचं, चहा पिऊन यायचं, मग ते उमटणार. शेवटी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"काकू, दिवसाला तीन-तीन तास तुमचे हात हलत नाहीत, माझ्याकडे नोंद आहे. आणि कॉम्प्युटरमध्ये शंभर गोष्टी उघड्या टाकता, म्हणून तो रखडतो. सोमवारपासून पॅकिंगला बसा."

सव्वीस वर्षांनी खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या! पण काकूंना त्याहून झोंबलं ते 'उघड्या टाकता'. त्या संध्याकाळी नळ ठिबकत होता आणि त्या शेजारून तशाच गेल्या, बघितलंसुद्धा नाही. नळ मीच बंद केला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला.

शनिवारी त्या आल्या. काकू हाताची घडी घालून शेजारी उभ्या.

"रोज सकाळी स्क्रीनवर एक छोटी खिडकी आपली आपण उघडते. मी तिला फुली मारते. जाते."

"खिडकी जाते हो. प्रोग्राम जात नाही, मागे मेमरी अडवून बसतो. रात्री कॉम्प्युटर बंद करत नाही का?"

"मालकांचा हुकूम आहे, नुसती स्क्रीन बंद करायची."

"मग रोज एक नवा भरती होतो. बघा, तेवीस बसलेत आत."

"मेल्यांनो! मी दार लावायचं आणि तुम्ही मोरीत दडून बसायचं?"

"पण हा घातला कोणी? कामगाराचे हात कधी थांबतात, ते मोजणारा आहे हा."

मी मोठ्यानं हसलो. मालकांचाच हेर की! यानंच कॉम्प्युटर अडवायचा, आणि बाई खोळंबल्या की यानंच चुगली करायची. चोराच्या उलट्या बोंबा!

मालक मागे दारातच उभे होते. तोंड एवढंसं झालं होतं. "बरं, ते पॅकिंगचं राहू द्या," ते पुटपुटले. "पण एखादा तरी चालू ठेवा ना."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. कसं करायचं ते दुरुस्तीवाल्या बाईंना विचारून घेतलं, आणि तेवीसच्या तेवीस स्वतःच्या हातानं मारले, मोठ्यानं मोजत.

संध्याकाळी कॉम्प्युटर पुरता बंद करून काकू नेहमीच्या फेरीला निघाल्या. नळ. खिडकी. गोंदाची बाटली. मग मालकांच्या केबिनचा दिवा आणि पंखा.

"अहो काकू, मी आत आहे!" अंधारातून मालक ओरडले.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या, आणि दारही ओढून घेतलं.