सारसाचा नर हलला नाही

मंडळी, आज दुपारी वडनेरच्या ग्रामसभेत जे ऐकलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

नदीकाठचं पाणथळ पक्ष्यांसाठी राखायचं की भर टाकून शेतीला द्यायचं, यावर सभा होती. बहुतेकांना भरच हवी होती. तेवढ्यात माझी आत्या उठली. वय ऐंशीच्या घरात, सभेत कधीच बोलत नाही.

"पंचावन सालच्या आसपासची गोष्ट हाये. मी लहान होती. तिथं सारसाची जोडी राहे. जीपमधून शिकारी आले अन् मादीले गोळी घातली. उचलूनबी नाई नेली. नर तिच्यापाशीच उभा राह्यला. असा ओरडे, का माय दारं लावून घे. बाबा त्याले हाकलाले गेलते, पण तो हलला नाई. मंग एक दिवस आवाज बंद झाला. कोणीच पाहाले गेलं नाई."

सरपंचांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पाणथळ राखायच्या बाजूने जवळजवळ सगळे हात वर गेले.

घरी येताना आम्ही नदीवर थांबलो. मी खुशीत होतो. म्हटलं, "आत्या, तू जागा वाचवली!"

ती पाण्याकडे बघत राहिली. "जागा वाचली रे. पण आता येईन कोण?"

तुमच्या भागात अलीकडे कोणी सारस पाहिलाय का? पाहिला असेल तर कळवा. मला आत्याला सांगायचं आहे.