पापलेट डॉक्टर आणि अमेरिकेचं कुलूप

“सरकार बंद आहे म्हणजे काय? सरकार म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे, दुपारी फळ्या लावून झोपायला?”

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या इमारतीत पापलेट डॉक्टर फोनवर ओरडत होते. ते चौथ्या मजल्यावर, मी पहिल्या. तरी माझ्या ताटातला पापड त्या आवाजानं मोडला. समुद्रात उभ्या तेलाच्या जहाजांनी भोंगा समजून नांगर उचलले, असं मी दुसऱ्या दिवशी रिफायनरीत सांगितलं, तर कुणी पुरावासुद्धा मागितला नाही. डॉक्टरांचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला होता.

मी वर गेलो तोवर त्यांनी फोन ठेवला होता. पलीकडे अमेरिकेतल्या विद्यापीठातला त्यांचा प्रकल्पातला जोडीदार प्राध्यापक होता. डॉक्टर खुर्चीत बसून माझ्याकडे असे बघत होते, जणू रत्नागिरीचा समुद्र आटल्याची खबर आली असावी.

“नाशिककर, अमेरिकेचं सरकार बंद पडलं. त्यांच्या पुढाऱ्यांचं खर्चावर जमलं नाही, म्हणून कचेऱ्यांना कुलूप. आमच्या अनुदानाच्या हप्त्यावर सही करणारा साहेब घरी बसलाय. त्याची सही नाही तर तिकडच्या विद्यापीठाला पैसा नाही, आणि त्यांना नाही तर मला नाही.”

“मग साहेबाला घरी फोन करा.”

“त्यानं फोन उचलला तर तो गुन्हा. बंदीत काम करायचंच नाही, फुकटसुद्धा नाही. असा कायदा तू ऐकला होतास?”

नव्हता ऐकला. आपल्याकडे कर्मचारी संपावर जातात, सरकार स्वतःच संपावर गेलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर आता कुवेतमध्ये नाहीत, रत्नागिरीला परतले. पण आमच्यात अजूनही पापलेट ताटात आलं की त्यांचं नाव निघतं. कुवेती माणूस ज्या जुबैदीवर जीव टाकतो ते आपलं पापलेट, आणि समुद्रात ते कमी होत चाललंय, म्हणून डॉक्टरांनी ते इथल्या संशोधन संस्थेच्या टाकीत वाढवायचं मनावर घेतलं होतं. “पापलेट म्हणजे नवरदेव,” ते म्हणत. “जरा खुपलं की रुसतो. फरक एवढाच, की हा रुसला की मरतो.” कित्येक हंगाम पिल्लं अंड्यातून निघाली आणि मेली. त्या वर्षी पहिल्यांदाच जगली. नखाएवढी झाली होती. मला ती दाखवताना ह्या गडगडाटी माणसानं चक्क कुजबुजत बोलावं, याचा मी धसका घेतला होता.

“मासळीला जुम्मा नसतो” हे त्यांचं दुसरं ब्रह्मवाक्य. शुक्रवारी सगळं कुवेत पांघरुणात असताना हे टाक्यांपाशी. ईदची नमाज झाली की आधी पिल्लांना खाऊ, मग भाभींचा शीरखुर्मा. भाभी म्हणायच्या, “माझी सवत थंड पाण्यात राहते.”

आणि तिसरं वाक्य, जे त्या आठवड्यात त्यांच्याच अंगावर कोसळलं: “अमेरिकेचा कागद अडत नाही.” आमच्यापैकी कुणी अकाम्यासाठी, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्यासाठी, खेटे घालून कुरकुरला, की डॉक्टर हे ऐकवत. आता पिल्लांचा खास खाऊ त्याच कागदावर यायचा होता. संस्थेच्या हिशेबखात्यानं हात झटकले. “अमेरिकेचा प्रकल्प, अमेरिकेला विचारा.” खाऊचा शेवटचा डबा तळ दाखवत होता.

तेव्हा डॉक्टरांनी जे केलं ते इथं मुरलेला माणूसच करू जाणे. त्यांनी वास्ता शोधायला घेतला. कुवेतमध्ये ओळखीला वास्ता म्हणतात, आणि वास्ता असेल तर भिंतीलासुद्धा दार फुटतं. पण अमेरिकेच्या सरकारला वास्ता लावायला निघालेला हा पहिलाच इसम. रिग्गईपासून फहाहीलपर्यंत एकही कोकणी दुकानदार सुटला नाही. अखेर सापडला: डॉक्टरांच्या लांबच्या भाचीचा नवरा, वॉशिंग्टनला सरकारी कचेरीत. आम्ही चौथ्या मजल्यावर दाटीवाटीनं बसलो. तिकडची सकाळ झाल्यावर फोन लावला.

“मामू,” जावई म्हणाला, “मी घरीच आहे. माझा साहेब घरी, त्याचा साहेब घरी. पगार बंद. मीच तुम्हाला फोन करणार होतो, कुवेतमध्ये कुणाचा वास्ता आहे का विचारायला.”

एरवी मी यावर तीन दिवस हसलो असतो. पण डॉक्टरांचा चेहरा पाहिला. त्यांनी जावयाला नीट दुआ दिली, फोन ठेवला आणि भाभींना विचारलं, “घरात अंडी किती आहेत?”

“मी मासे शिजवायला शिकले, भरवायला नाही,” असं म्हणत भाभींनी पातेलं चढवलं. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून पिल्लांना द्यायचा, असा जुना तोडगा होता. मग सगळी इमारत अंडी उकडू लागली. अबू हलीफाच्या कोंबड्यांनी राजीनामे दिले असतील. बलक माशांना, पांढरं आम्हाला. पांढरी भुर्जी, पांढरा रस्सा, डब्यात पांढरं सँडविच. माझा मुलगा ताटाकडे बघून एवढंच म्हणायचा, “डॅड, नॉट अगेन.” पण पिल्लं कशी आहेत हे तोच रोज विचारायचा.

डॉक्टर कपडा पिळत आणि टाकीवर वाकून बघत. बलकानं पाणी गढूळ होई. ते बदलावं तर पिल्लं बिचकत, न बदलावं तर गुदमरत. एका संध्याकाळी मी जिन्यात पाऊल टाकलं, तर वरून काहीच ऐकू आलं नाही. ओरडणं नाही, खोकलासुद्धा नाही. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही. मलमलीचे तुकडे धुऊन दोरीवर टाकले होते. त्या दिवसानंतर इमारतीत कुणी पिल्लांसाठी अंडं उकडलं नाही.

त्यानंतर अमेरिकेचं सरकार उघडलं. बातमी ऐकताच मी धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेलो. डॉक्टरांना त्या साहेबाचं पत्र आलं होतं. मोबाइल त्यांनी माझ्यापुढे धरला. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार, काम ताबडतोब सुरू करावं, आणि मधल्या काळातली प्रगती कळवावी.

“मग,” मी विचारलं, “काय कळवलंत?”

“टाक्या स्वच्छ आहेत, असं कळवलं.”