पिंजारीचाचा आणि मडक्यातला अजगर

पिंजारीचाचा कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. उलटा हात लावत. कापूस दमट आहे का, चहाचा पेला किती गरम आहे, कुणाच्या लेकराला ताप आहे का, सगळं हाताच्या पाठीनं पाहायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पंजानं आदमी पकडते, भाऊ. उलट्या हातानं इचारते."

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. ते आता नाही. त्या भागातली जुनी माणसं त्यांना अजूनही 'अजगरवाला' म्हणून ओळखतात, घरात अजगर पाळला म्हणून पकडला गेलेला माणूस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. आता हे सरळ लिहून ठेवलं पाहिजे. तो अजगर चाचांचा नव्हता. माझा होता.

मी सरकारी कचेरीत कारकून. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना माझी नेमणूक भामरागडला होती. बायको त्याआधीच गेली होती. नद्या चढल्या की रस्ता बंद व्हायचा आणि खोलीत मी आणि पावसाचा आवाज, एवढंच उरायचं. पूर उतरल्यावर एका सकाळी ओसरीतल्या तणसात हे पिल्लू सापडलं. दीड हात लांब, अंगठ्याएवढं जाड, अंगावर वाळल्या पानांचे डाग. अजगर पाळणं गुन्हा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तसा कागद आमच्या कचेरीच्याच भिंतीवर चिकटवलेला होता. तरी ते मी ठेवून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात चंद्रपूरला बदली झाली तेव्हा कापडी पिशवीत घालून एसटीनं मांडीवर घेऊन आलो. त्या खोलीत माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच होतं. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

पिल्लाला मात्र मी नको होतो. जवळ गेलं की मानेचा आकडा करून फुस्कारायचं आणि हात पुढे केला की झेप घ्यायचं. माझ्या बोटांवर टाचण्या टोचल्यासारख्या रांगा उमटल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे ते काही खात नव्हतं. महिना उलटला, त्याच्या पाठीचा कणा वर दिसू लागला. ते मरेल या भीतीनं मी एका दुपारी पिशवी घेऊन चाचांकडे गेलो. चावरी मांजरं, लाथा मारणारं गाढव, गल्लीतली अशी सगळी जनावरं त्यांच्याजवळ मऊ होत, एवढंच मला ठाऊक होतं.

"मले सापाचं काही समजत नाई, देवरावभाऊ," चाचा म्हणाले. "डरलेल्याचं समजते."

मी त्याला कुठे ठेवलंय ते त्यांनी विचारलं. माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत, असं मी सांगितलं. चाचा हसले. काचेच्या घरात तुम्हाला तरी झोप लागेल काय, म्हणाले. मग त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत एक लाकडी खोका मांडला, तळाला वर्तमानपत्रं, कोपऱ्यात पाण्याचं पसरट भांडं, आणि मधोमध काठ फुटलेलं मडकं उपडं. कापूस मात्र त्या खोक्यात जाऊ दिला नाही. तोंडात गेला तर अडकेल म्हणाले. स्वतःचं अंगातलं, घामानं ओलं बनियन काढून मडक्याशेजारी ठेवलं. खोक्यावर जुनी चादर टाकली.

"आता धा दिवस कोणी हात नाई लावायचा. त्याले माहा वास माहीत होऊ द्या."

ते दहा दिवस मी रोज संध्याकाळी कचेरीतून तिकडेच जायचो. पुढच्या खोलीत पिंजायचं यंत्र होतं, पण खोका आल्यापासून चाचा उन्हं कलल्यावर ते बंद करत आणि मागे येऊन वडिलांची कापूस पिंजायची धनुकली काढत. तारेचा तो घुमणारा आवाज, धूंऽ धूंऽ, आणि कवडशातून सावकाश तरंगणारे कापसाचे तंतू. सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. साप ऐकत नाही असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, त्याच्या पोटाखालची जमीन ऐकते. खरंखोटं देव जाणे. पण सहाव्या की सातव्या दिवशी तार थांबली आणि मडक्याच्या फुटक्या काठातून एक बारीक जीभ बाहेर आली, हवा चाखून परत गेली. आम्ही दोघं म्हातारे श्वास रोखून बसलो होतो.

मग हात लावायची वेळ आली. चाचांनी हात वरून नेला नाही. बाजूनं, जमिनीलगत, उलटा, पिल्लाच्या मधल्या अंगाशी नेला आणि तिथेच ठेवून दिला. पिल्लानं आकडा केला. हात हलला नाही. बऱ्याच वेळानं तो आकडा आपोआप सैल झाला, एखादी गाठ पाण्यात भिजून सुटावी तसा.

"वरून घार येते," चाचा हलकेच म्हणाले. "वरून येणारा हात कोनाले आवडत नाई. आपल्याले तरी आवडते काय?"

कापसाच्या दुकानात उंदरांना तोटा नव्हता. चाचा पिंजऱ्यात सापडलेलं उंदराचं लहान पिल्लू मारून गरम पाण्यात धरत, पुसत, आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या चिमट्यानं शेपटीला धरून मडक्याच्या फुटक्या काठाशी हळूच हलवत. पहिल्या वेळी अजगरानं चिमट्यालाच झडप घातली. दुसऱ्या वेळी नुसताच पाहत राहिला. चाचांनी ओढाताण केली नाही. उंदीर तिथेच ठेवून चादर टाकली. "आपन पाहून राह्यलो म्हणून लाजते," म्हणाले. सकाळी उंदीर तसाच होता. चार दिवसांनी, तिन्हीसांजेला, त्यानं तो घेतला. तीन वेटोळी पडली, मग सगळं निश्चल. मग जबडा असा सावकाश उघडत गेला, जणू झोपेतच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी पाहिलं, पण तिकडे पाठ करून ते साबणानं हात धूत बसले. हाताला उंदराचा वास असला तर त्याच्यासाठी हातही उंदीरच, असा त्यांचा नियम होता. दुसरा नियम, खाल्ल्यावर दोन दिवस शिवायचं नाही. शिवलं की घाबरून ओकतं.

असं दीडेक वर्ष गेलं. अजगर माझ्याहून लांब झाला, चाचांच्या दंडावर झोपू लागला. मी त्याला हवं तेव्हा पाहायचो आणि माझा म्हणायचो. भीती, वास, उंदीर, सगळं चाचांकडे.

मग नागपूरहून माझा मेहुणा आला. त्याच्यापुढे मला मोठेपणा करायचा होता. शुक्रवार होता, चाचा नमाजाला गेले होते, मागच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असे. आदल्याच संध्याकाळी अजगरानं खाल्लं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी चादर ओढली, आणि मेहुणा बघतोय म्हणून हात धीटपणे घातला. वरून. अजगर माझ्या हाताखालून सुटला आणि मेहुण्याच्या मनगटाला डसला. मेहुण्यानं अशी बोंब मारली की बाजार गोळा झाला. कुणीतरी फोन केला. वनखात्याची माणसं आली तेव्हा अजगर कोपऱ्यात अर्धा पचलेला उंदीर ओकून, आकडा करून बसला होता. पहिल्या दिवशीसारखा.

गर्दीतून वाट काढत चाचा आले. डोक्यावर टोपी तशीच. साहेबानं विचारलं, साप कोणाचा? माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. मी तोंड उघडलं. त्यातून काहीच आलं नाही. चाचांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"मेरा है, साहब," ते म्हणाले. मग पिशवी घेऊन पुढे झालेल्या माणसाला म्हणाले, "याचं खाल्लेलं निघून गेलं. आता आठ-दस दिवस काही देऊ नका. आन् वरून हात नका टाकू."

त्यांना घेऊन गेले. काही दिवसांनी ते सुटून आले, पण पुढे कितीतरी वर्षं तारखांना जात राहिले. ते एक वेळ निभलं असतं. गल्लीत मात्र वेगळंच पसरलं, की चाचांच्या गादीत साप निघतो. बायका रजया भरायला दुसरीकडे नेऊ लागल्या. कुणी भरून नेलेली गादी उसवून पाहिली. दोन दिवाळ्यांत यंत्र विकलं गेलं, दुकानही गेलं. त्यांचा मुलगा सलीम पिंजायचं काम सोडून ऑटो चालवायला लागला. माझ्या निरोपसमारंभात मात्र हार घालून माझ्या निष्कलंक सेवेबद्दल चांगलं बोललं गेलं. मी मान खाली घालून ते ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

एकदा धीर करून मी चाचांच्या घरी गेलो होतो. दारातूनच मी परत फिरू लागलो. त्यांनी मला बसवलं आणि त्यांचा हात माझ्या पाठीला लागला. बाजूनं, उलटा. तिथेच राहिला. मी नुसता चहा पिऊन परत आलो. तो हात मी कुणाच्या अंगाला लागताना पाहिला होता, हे मला घरी पोहोचेपर्यंत उमगलं नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी सलीमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो ऑटोची काच पुसत होता, पुसतच राहिला.

"अब्बा बता के गए थे," तो शेवटी म्हणाला. "बोले, देवरावभाऊ एक दिन खुद आयेंगे. तब तक छेडना नहीं."

मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर तो मागे सरला. "मले सांगून काय फायदा, काका? मले तं माहीत हाय. चौकात सांगा. गादीत साप निघते म्हणणाऱ्याले सांगा."

मी चौकात गेलो. चहाच्या टपरीवर उभं राहून सांगितलं. दोघांनी ऐकलं, एकजण हसला, आणि ज्यांनी गाद्या उसवल्या होत्या त्यातलं कुणी आता हयात नाही. म्हणून हे लिहितो आहे. चाचांनी भरलेली गादी माझ्याकडे आहे, मी रोज तिच्यावर झोपतो. तिच्यात कापूस आहे. कुणाच्याच गादीत साप नव्हता. साप माझा होता, आणि मी त्याला वरून हात घातला.